दमयंतीचा फोन बंद होता तो तास

दमयंती,

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे आणि तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू आधी 'नको' म्हणाली असतीस, मग 'कशाला' म्हणाली असतीस आणि मग चार दिवस जेवली नसतीस. तुला ओळखणाऱ्या कुणालाही विचारावं, दमयंती कशी आहे, तर पहिला शब्द 'भित्री' असा येतो. माझ्याही तोंडी तोच होता. तू लिफ्टला घाबरतेस, बँकेतल्या फॉर्मला घाबरतेस, कुत्र्याला घाबरतेस आणि त्याच्या पिल्लालाही घाबरतेस. नारळाच्या झाडाखालून जाताना डोक्यावर पिशवी धरतेस. यातलं नारळाचं मला पटतं, बाकीचं नाही. हे तुला तोंडावर कितीदा तरी सांगितलंय, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी.

वाचणाऱ्यांना तू कोण ते माहीत नाही, म्हणून तुझी माहिती तुलाच सांगते. तू सत्तेचाळीस वर्षांची. राहणार मिरकरवाडा, बंदराला लागून. नवरा सखाराम 'भैरीकृपा' नावाच्या ट्रॉलरवर तांडेल. म्हणजे बोट चालवणार तो, माणसं सांभाळणार तो, मालक मात्र दुसरा. घरी सासू हौसाबाई. मुलगी लग्न होऊन राजापूरला. सोळा वर्षं तू बंदराजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत खिडकीशी बसतेस आणि कुठल्या बोटीला किती लाद्या त्याच्या चिठ्ठ्या लिहितेस. तुझ्या पाठीमागे बर्फ फोडायचं क्रशर दिवसभर असं धडधडतं की खिडकीबाहेरच्या माणसाला ओरडून बोलावं लागतं.

आपली ओळख तिथलीच. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान एका सकाळी गेले. मुलगा दुबईहून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचायचा होता, आणि शव ठेवायची बर्फाची पेटी गावातल्या दुसऱ्या कुणाकडे गेलेली. मी रिक्षा केली आणि तुझ्या खिडकीशी आले.

"आठ लाद्या. घरी पोचवायच्या, नाचणे गावात."

"बोट कुठली?"

"बोट नाही. घर आहे."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि पेन खाली ठेवलंस. पुढे काही विचारलं नाहीस. टेम्पोतून तूच आलीस. टेम्पोवाला आमच्या पायरीशी थांबला, त्याला आत यायचं नव्हतं. तुझ्या हातून पहिली लादी ओटीवर निसटून फुटली. तरी उरलेल्या सात तू गोणपाटात गुंडाळून माझ्या नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक करून लावल्यास, डोळे जवळजवळ मिटून. आणि लावताना गुणगुणत होतीस.

"काय म्हणतेस?" मी विचारलं.

"काय नाय, बाई. भीती वाटली की तोंडात येता."

ते तुझं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. त्या दिवशी मला दुसऱ्या कशातच अर्थ लागत नव्हता, पण त्या चालीत काहीतरी होतं एवढं कळलं. महिनाभराने मी मुद्दाम फॅक्टरीत आले आणि विचारलं की ते कुणाचं गाणं. तू चिठ्ठ्यांच्या पुस्तकाची मागची बाजू दाखवलीस. दोन कडवी, पेन्सिलीने. चाल तुझी, शब्द तुझे. इतकी वर्षं क्रशरच्या धडधडीवर तू ते मनात घोळवलेलं. घरी कधी म्हटलं नाहीस, कारण हौसाबाईंचा नियम: बोट बाहेर असली की घरात सूर काढायचा नाही, आणि दर्याचं नाव असलेलं गाणं तर मुळीच नाही. आणि बोट आठ महिने बाहेरच असते.

"मग इथं म्हणतेस ते चालतं?"

"इथं कोणाला ऐकू येता? मलापण येत नाय."

पहिल्या कडव्याच्या दोन ओळी इथे देते. वाचणाऱ्यांना कळू दे.

वाऱ्या, तू मागून ये, पुढून नको येऊ,
चुलीवरचा भात माझा निवत नको ठेवू.

यात अवघड काही नाही. वारा पाठीमागून आला तर बोट लवकर घरी. पण तू ते म्हणायचीस तेव्हा वाऱ्याशी बोलणारी बाई विनवणी करते आहे की धमकी देते आहे, ते कळायचं नाही. मला ते फार आवडलं. चौतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, पण चांगली गोष्ट वाया जाताना दिसली की माझं डोकं फिरतं. मी ठरवलं की हे रेकॉर्ड करायचं. मीच ठरवलं, हे लक्षात असू दे.

मृणाली माझी जुनी विद्यार्थिनी, बँकेत आहे आणि हार्मोनियम चांगलं वाजवते. अनिल पालीचा, त्याचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. माझ्या मुलाच्या लग्नात स्पीकर त्याचेच होते आणि ते दोनदा बंद पडले, तेव्हापासून ओळख. दोघं आनंदाने तयार झाले. तयार नव्हतीस ती तू. तुला मी दिवाळीनंतरच्या तीन रविवारी बोलावलं आणि तीन रविवारी तुझं डोकं दुखत होतं. चौथ्या रविवारी मी रिक्षाच पाठवली.

जागा माझ्या परसातली आंब्याची खोली. हंगामात तिथे आंबे पिकवायची अढी लावतो, आणि नोव्हेंबरात ती रिकामी असते. अनिलने ती बघितली आणि म्हणाला, "काकू, मुंबईत अशा खोलीचे तासावर पैसे घेतात." त्याने भाताचा पेंढा भिंतीला लावून उभा केला, रिकाम्या आंब्याच्या पेट्या एकावर एक रचून त्यांचं कोंडाळं केलं, वर माझ्या घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या. मधे तू. दार लावलं की बाहेरचा कावळाही ऐकू येईना. पिकल्या आंब्याचा जुना वास आणि अंधार.

आणि तिथे तुझा आवाज गेला.

गेला म्हणजे गेलाच. तोंड उघडायचीस आणि नुसती हवा. मृणाली सूर धरून बसली, अनिल म्हणाला घाबरू नका ताई, मी म्हणाले पाणी पी. तू गोधडीचं टोक मुठीत धरून बसलीस.

"बाई, हय माझा मलाच ऐकू येता."

तेव्हा तुझी गोम कळली. इतकी वर्षं धडधडीच्या आड गायलेली बाई, तिला शांतता म्हणजे उघड्यावर अंघोळ. त्या रविवारी काही झालं नाही. पण अनिल हुशार. आठवडाभरात तो तुझ्या फॅक्टरीत जाऊन क्रशरचा आवाज पाच मिनिटं मृणालीच्या फोनवर भरून घेऊन आला. पुढच्या रविवारी त्याने तुझ्या कानाला हेडफोन लावले आणि त्यात क्रशर सुरू केलं. तुझे खांदे खाली आले. तू हसलीससुद्धा.

आता फोनचं सांगते. हे सगळ्यांना नीट कळलं पाहिजे.

गाणं भरून घ्यायला चांगलं यंत्र आमच्याकडे नव्हतं. अनिलचा लॅपटॉप दमट हवेने बसलेला. मृणालीच्या फोनची काच फुटलेली आणि माइक खरखरत होता, आणि त्यावर क्रशर चालू होतं ते वेगळंच. माझा फोन बटणांचा. अनिलने सगळे तपासले आणि म्हणाला, "सगळ्यात भारी माइक ताईंच्या फोनचा." तो तुला सखारामने दिवाळीला घेतलेला, नवा.

तो फोन तुझ्या हातून कधी सुटत नाही हे मी पाहिलेलं होतं. तुमच्या घरची एक रीत. परतीच्या वाटेवर सखारामच्या फोनला रेंज आली की तो एक रिंग देतो आणि कापतो. तू उचलत नाहीस. एक रिंग म्हणजे रेंजमध्ये आलो, सगळे ठीक, दीड-दोन तासांत जेटीला लागतो. मग तू भात टाकतेस. तेवीस वर्षांच्या संसारात, आधी शेजारच्या घरच्या फोनवर आणि मग तुझ्या, ती रिंग एकदाही चुकलेली नव्हती आणि तुझा फोनही त्याला कधी बंद लागलेला नव्हता. दुसऱ्या कडव्यात तू तेच लिहिलं आहेस, त्या एका रिंगचं.

त्या रविवारी बोट सोमवारी यायची होती. तीन वाजता आपण सुरू केलं. पहिला प्रयत्न चांगला चालला होता, अर्धं कडवं झालं, आणि फोन वाजला. कुणी कर्ज हवंय का विचारत होतं. सगळं पुसून पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा पुन्हा तोच बाप्या. अनिलने कपाळावर हात मारला.

"सायलेंटवर टाकू?" मृणाली म्हणाली.

"उपयोग नाय," अनिल म्हणाला. "फोन आला की रेकॉर्डिंग तुटतंच. विमान मोडवर टाकायला लागेल."

तू फोनकडे हात नेलास आणि मागे घेतलास.

"बाई, मधेच आले म्हणजे?"

"उद्या यायचेत ना?"

"हां, पण..."

"दमयंती, तुझा फोन काय बोटीला दोरी लावून ओढून आणतो? यायचे तेव्हा येतील."

हे वाक्य माझं. हसत म्हटलं होतं, वैतागून हसतात तसं. अनिलही हसला. तू माझ्याकडे बघितलंस, मग फोन माझ्याच हातात दिलास आणि म्हणालीस, "तुमीच करा." ते विमानाचं चित्र मी दाबलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती; फोनवरच दिसत होतं.

मग तू गायलीस. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला तसं लिहिता येत नाही. मुखडा आणि पहिलं कडवं झालं तेव्हा मृणालीने हार्मोनियमवरून हात उचलले. अनिल म्हणाला, "हे राहू द्या. याला हात लावायचा नाही." दुसरं कडवं चहानंतर घ्यायचं ठरलं. आपण चारही जणं स्वयंपाकघरात आलो, मी पोहे केले, तू दोनदा घेतलेस. तुला मी दोनदा घेताना कधी पाहिलं नव्हतं. पावणेपाचच्या सुमाराला तू म्हणालीस, एकदा फोन बघते.

विमानाचं चित्र काढलंस आणि फोन थरथरायला लागला. मेसेज. एक, मग दुसरा. तू हातात धरून बघत होतीस आणि ते येतच होते. सात. आपण फोन बंद ठेवलेला असताना कुणाकुणाचे कॉल येऊन गेले, ते कंपनी कळवते तसे. सातही सखारामचे. पहिला तीन बावीसचा, शेवटचा तीन एक्केचाळीसचा.

एक रिंग म्हणजे ठीक. सात म्हणजे काय, त्याचा तुमच्यात अर्थच ठरलेला नव्हता. तू त्याला फोन लावलास. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावलास. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. बशी हळूच ओट्यावर ठेवलीस, चमच्याचा आवाज होणार नाही अशी, आणि म्हणालीस, "बाई, मला जेटीवर न्या." मृणालीने तुला धरलं. माझ्या हातात झारा होता तो तसाच राहिला.

अनिलच्या टेम्पोतून आपण मिरकरवाड्याला गेलो. वाटेत झाडं हलायला लागली होती. दुपारी पान हलत नव्हतं. टेम्पोत तू फोन लावत होतीस, फोनमधली ती बाई तेच तेच सांगत होती, तू कापत होतीस आणि परत लावत होतीस. मध्येच तुझ्या तोंडून तीच चाल येऊ लागली. तुझ्या लक्षात आलं आणि तू तळहाताने तोंड दाबून धरलंस. तो तळहात जेटी येईपर्यंत काढला नाहीस.

जेटीवर दादू तांडेल भेटला, सखारामचा जुना जोडीदार. त्याने फोन हातात घेऊन सातही वेळा वाचल्या.

"सात? सखाराम सात वेळा फोन लावणारा माणूस नाय." त्याने समुद्राकडे बघितलं. "वायरलेसवर सकाळीच सांगितला होता, वारा येतोय, बोटी परत फिरवा. तो तेव्हाच फिरला असणार. इंजिन गेला वाटता. इंजिन बंद की बॅटरी बसते, वायरलेस पण गेला. रेंज नुकती लागली असणार, म्हणून फोन."

"मालकाला का नाही लावला?" मी विचारलं.

"मालक कालपास्न मुंबयला, लग्नाला. आणि वहिनीचा फोन कधी बंद नसतो, बाई. हिला लावला की ही धावत जेटीवर येतेय, आम्ही निघतो, हे सगळ्यांना ठाव हाय." मग त्याने बोटं मोजल्यासारखं केलं. "तीन बावीस. तेव्हा भरती फिरत होती. त्यानंतर ओहोटीनं बाहेर नेला असणार. तेव्हाच कळला असता तर तासाभरात..."

तो थांबला. तुझ्याकडे बघून थांबला.

"तर काय, दादू?" तू विचारलंस.

"काय नाय. निघतो आम्ही."

दोन बोटी गेल्या. वारा इतका वाढला की त्या अंधार पडायच्या आत परत फिरल्या. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला. चौकीत एका तरुण पोलिसाने वही उघडून विचारलं, बोटीवर किती माणसं, बोट कुठल्या रंगाची, शेवटचा संपर्क कधी झाला. पहिल्या दोन्ही गोष्टी तू बरोबर सांगितल्यास. सात माणसं, निळी, खाली लाल पट्टा. तिसऱ्यावर तू म्हणालीस, "झालाच नाय."

मी तुझ्याशेजारी उभी होते. मी त्याला म्हणायला हवं होतं, की फोन मी बंद केला, लिहून घ्या. लिहायला त्याच्या वहीत तेवढा रकानाही नव्हता, पण म्हणता आलं असतं.

तुझ्या घरी हौसाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"फोन वाजला नाय तुझा?"

"चार्जिंग नव्हता," तू म्हणालीस.

"खयं होतीस?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "माझ्याकडे. पोहे खायला बोलावलं होतं." तेही खरंच होतं. हौसाबाईंनी मान हलवली आणि पदराने डोळे पुसले. त्या माझ्यावर कधी अविश्वास दाखवत नाहीत, कॉलेजातली बाई म्हणून. त्या माझ्याहून वर्षाने मोठ्या आहेत आणि मला 'अहो बाई' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचं मी लिहीत नाही. ते तुझं तुला माहीत आहे आणि माझं मला. मला आयुष्यात दोन-तीनदा भीती वाटली असेल. बाळंतपणात, एकदा प्रयोगशाळेत आग लागली तेव्हा. ती येते आणि जाते. ही गेली नाही. ही माझ्या बोटाच्या टोकाशी बसली होती, ज्या बोटाने ते चित्र दाबलं त्याच्या.

सोमवारी अकराच्या सुमाराला 'भैरीकृपा' आली, दुसऱ्या एका बोटीने ओढत आणलेली. सातही माणसं होती. जेटीवर तू धक्क्याच्या इतकी कडेला गेलीस की दादूने तुझा दंड धरून ठेवला. सखाराम सगळ्यांच्या शेवटी उतरला. डाव्या हाताला बनियनचं फडकं गुंडाळलेलं, काळं झालेलं.

इंजिनचं तसं काही नव्हतं. बोटीच्या तळच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. वाहून येणारं दुसऱ्या कुणाचं तरी फाटकं जाळं. त्याने इंजिन थांबलं आणि दादू म्हणाला तशी बॅटरी बसून वायरलेस गेला. सात वेळा फोन लावून झाला, बोट बाहेर ओढली जायला लागली, फोनची रेंज गेली, वारा चढला. मग तो स्वतः कमरेला दोरी बांधून सुरी घेऊन पाण्यात उतरला. लाटेने बोट आपटली आणि हात पंखा आणि सुकाणूच्या मधे सापडला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट. सरकारी इस्पितळात दोन्ही काढावी लागली.

पलंगावर पडल्यापडल्या त्याने तुला एवढंच विचारलं, "फोन बंद कसा काय होता?"

"चार्जिंग संपला होता," तू दुसऱ्यांदा तेच म्हणालीस. पहिल्यांदा सासूला म्हणालीस ते भीतीने, हे मला समजतं. दुसऱ्यांदा म्हणायला तर दुप्पट भीती लागली असेल.

त्यावर तो जे म्हणाला ते मला तूच सांगितलंस, महिन्याने, माझ्या ओटीवर बसून. तो म्हणाला, चूक माझीच, नवा फोन आहे, चार्जिंग लवकर संपते हे दुकानदाराने सांगितलं होतं. आणि हाताला बँडेज असताना गाडीतळाजवळच्या दुकानात जाऊन त्याने तुझ्यासाठी पॉवर बँक आणली. तू ती पिशवीतून काढून मला दाखवलीस. काळी, साबणाच्या वडीएवढी. रोज चार्ज करतेस, रोज बरोबर नेतेस. त्याने विचारलं की पिशवी उघडून दाखवतेस.

"हे मला सोसत नाय, बाई," तू म्हणालीस. "मारला असता तरी चाललं असतं."

"मग सांगून टाक."

"तुमी सांगा."

तू गाणं तुझ्या फोनमधून काढून टाकलं होतंस. अनिलने ते आधीच एका पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे दिलं होतं म्हणून वाचलं. तू म्हणालीस, "तुमी जेटीवर जा. त्यांना गाणा ऐकवा. आधी गाणा ऐकवा आणि मग सांगा तेव्हा फोनचा काय झाला. तुमचा ते ऐकून घेतील. मी सांगायला गेले तर माझ्या तोंडातून हवा येईल, तुमी बघितलाय ना." मी म्हणाले, जाते. पुढच्या रविवारी जाते.

मृणालीने ते गाणं माझ्या नातवाच्या जुन्या फोनवर टाकून दिलं. मी तो फोन पर्समध्ये घातला आणि गेले. गेले नाही असं तुला वाटू नये. पुढचा पुढचा म्हणत फेब्रुवारीतला रविवार उजाडला होता. सखाराम जेटीच्या सावलीत एकटाच जाळं सांधत बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवलेलं, उजव्या हातात सुई, आणि डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी गाठ धरायची त्याची नवीन सवय. मला बघून तो उठायला लागला.

"बसा," मी म्हणाले.

"बाई, तुमी तिला जरा सांगा," तो म्हणाला. "ती हल्ली फॅक्टरीत गप बसते म्हणतात. पूर्वी तिथं काय तरी गुणगुणायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चिठ्ठी घ्यायला जातो ना मी. खिडकीतून ऐकू येता. तिला वाटता नाय येत." तो हसला आणि गाठ ओढली, ती सुटली, त्याने परत धरली. "तुमचा ऐकते ती. काय झाला असेल तिला?"

पर्सची चेन मी उघडली होती. फोन हाताला लागला होता. मी त्याला विचारलं, हे जाळं कुठल्या धाग्याचं असतं. तो खूष झाला. दहा-बारा मिनिटं त्याने मला धागा दाखवला, गाठ दाखवली, पूर्वीचं सुती जाळं आणि आताचं नायलॉन यातला फरक सांगितला. मी मान हलवत होते. मग मी म्हणाले, निघते, ऊन चढलं.

संध्याकाळी तुझा फोन आला. "बोललात?" तू विचारलंस. मी सांगितलं की ते घाईत होते, बोट सुटायची होती.

बोट सुटायची नव्हती, दमयंती. तो घाईतही नव्हता. त्यानंतर दोन हंगाम गेले. दुसरं कडवं तुझ्या चिठ्ठ्यांच्या पुस्तकात आहे, आंब्याच्या खोलीत पेंढा अजून भिंतीला टेकून उभा आहे, आणि नातवाचा तो फोन माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. मी तो दर रविवारी चार्ज करते.